कॅमेऱ्याला गोधडी पांघरवणारी उपासना

न्यू जर्सीच्या पिस्कॅटवेतल्या मराठी घरांत उपासना मेश्रामबद्दलची पहिली बातमी पोचली ती अशी: ही बाई हिवाळ्यात संध्याकाळी गॅरेजमध्ये जाते, तिथे कुणाला तरी गोधडी पांघरवते आणि मग शांतपणे वर येऊन नवऱ्याबरोबर जेवायला बसते. बातमी आणली समोरच्या घरातल्या शोभनाकाकूंनी. शोभनाकाकूंची बातमी कधी खोटी नसते, फक्त जरा अपुरी असते. गोधडीखाली कॅमेरा होता.

का, ते उपासनाला विचारलं असतं तर तिने अर्धा तास हौसेने सांगितलं असतं. थंडीत काम करून गार पडलेला कॅमेरा उबदार घरात आणला की लेन्सला घाम फुटतो आणि समोरचं जग ताकात बुडवल्यासारखं दिसतं. म्हणून हिवाळाभर त्याचा मुक्काम गॅरेजमध्ये. बॅटऱ्या मात्र कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी, कारण गारठ्यात त्या मान टाकतात. पण विचारलं कुणीच नाही. विचारलं की गंमत संपते.

हे सगळं शहाणपण तिला कॅनडाने दिलेलं. वडील पंडित मेश्राम नागपूरहून उठून थेट विनिपेगला गेले, एका बस बनवणाऱ्या कारखान्यात. ज्या गावात लोक गाड्यासुद्धा थंडीत फोनसारख्या प्लगला लावून ठेवतात, त्या गावात उपासना जन्मली आणि वाढली. पंडितरावांनी एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. त्यावर ते बर्फ काढायचे. अंगणातला बर्फ, छपरावरचा बर्फ, गाडीवरचा बर्फ. कॅसेटी नागपूरला जायच्या. शेवटी नागपूरहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, "दादा, बर्फ पुरे झाला. तोंड दाखव."

तेव्हा नऊ वर्षांच्या उपासनाने कॅमेरा बापाच्या हातून घेतला आणि बापावरच रोखला. पंडितराव हात मांडीला चिकटवून, श्वास रोखून, परेडला उभे राहावेत तसे उभे राहिले.

"बाबा, हललात तरी चालतं. व्हिडिओ आहे हा."

"हललो तर खराब होईल ना!"

ती कॅमेरा धरून उभी राहिली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. शेवटी पंडितरावांना शिंक आली, मग हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं आणि ते बहिणीशी बोलायला लागले. ती कॅसेट नागपुरात इतक्या वेळा लावली गेली म्हणतात, की फीत झिजली. उपासनाचा पुढचा सगळा धंदा त्या तीन मिनिटांतून निघाला. माणूस अवघडला की त्याला सूचना द्यायची नाही. वाट बघायची. आणि "पुन्हा करा" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जे एकदा खरं झालं ते दुसऱ्यांदा नाटक होतं, असं तिचं ठाम मत. तिची सगळीच मतं ठाम.

व्हँकुव्हरला दोन वर्षं शिकून ती दुसऱ्यांच्या चित्रपटांवर कॅमेऱ्याची मदतनीस झाली. हिवाळ्यातली शूटिंग मोठमोठे कॅमेरामन टाळायचे; कुणाची पाठ धरायची, कुणाच्या आजीला बरं नसायचं. उणे तीसमध्ये जिच्या बोटांना फोकस सापडतो ती पोरगी, म्हणून हिचं नाव झालं. मग तिने स्वतःचा चित्रपट केला. विनिपेगचं प्रचंड तळं गोठलं की त्याला भोक पाडून मासे धरणाऱ्या माणसांवर. दिग्दर्शनही हिचं, कॅमेराही हिचाच. पहिल्या खेळाला अकरा माणसं होती; त्यातली दोन बाहेर थंडी होती म्हणून आत आलेली. एका पेपरवाल्याने लिहिलं, 'या चित्रपटात काही घडत नाही, पण नजर हलवता येत नाही.'

पंडितरावांनी फोनवर विचारलं, "हे कौतुक आहे की तक्रार?"

"दोन्ही, बाबा. पुढच्या वेळी नुसतं कौतुक येईल."

पुढच्या वेळीही दोन्ही आलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सुशांत तिला भेटला टोरंटोत, एका लग्नात. पोट भरायला ती लग्नं शूट करायची, आणि हा पुण्याचा, आता अमेरिकन झालेला, आकडेमोडीच्या नोकरीतला सज्जन माणूस हातात ताट घेऊन तिच्या कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं जेवत उभा राहिला. व्हिडिओभर त्याची पाठ. तोंड कसं आहे ते बघावं म्हणून तिने नंतर फोन केला, असं ती सांगते. झाडायलाच केला होता, असं सुशांत सांगतो. काही असो, दोन वर्षांनी ती पिस्कॅटवेत आली आणि सुशांतला नोकरी सांभाळून दुसरं काम लागलं: लांब काठीला माइक बांधून तो डोक्यावर धरून उभं राहायचं. त्याचे दंड आता बघण्यासारखे झालेत.

न्यू जर्सीतही तिने लग्नं घेतली. शोभनाकाकूंच्या देवदत्तच्या लग्नाचा तिने काढलेला व्हिडिओ अजून गाजतो आहे. त्यात नवरीची आजी खुर्चीत बसल्या बसल्या झोपते, डोकं हळूहळू शेजारणीच्या खांद्यावर येतं, शेजारीण अंतरपाट दूर होईपर्यंत तसूभर हलत नाही. पूर्ण चार मिनिटं. आणि मुलाची आई, पैठणी नेसलेली, खास एडिसनच्या पार्लरमधून केस करून आलेली, आहे सहा सेकंद.

"सहा सेकंद!" शोभनाकाकू येईल त्या पाहुण्याला सांगतात. "थांबा, लावतेच. मोजा तुम्ही." आणि पाहुणा आजीवर रडतो. काकू चार महिने उपासनाशी बोलल्या नाहीत आणि त्या चार महिन्यांत उपासनाला त्यांच्यामुळे पाच लग्नं मिळाली.

आता रत्नाबाई.

पलीकडच्या गल्लीत रवी सुखदेवे राहतो. नागपूरचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर, घर टापटीप, बोलणं मोजकं. रत्नाबाई त्याची आई. बाकीच्यांचे आईवडील उन्हाळा चुकवायला अमेरिकेत येतात. रत्नाबाई हिवाळ्यात आल्या, कारण त्यांना बर्फ बघायचा होता. त्या आल्या तेव्हा मराठी मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथकाका, म्हणजे शोभनाकाकूंचे यजमान, पार्किंगमध्ये रवीला भेटले होते.

"आई काय करायच्या तिकडे?"

"कन्स्ट्रक्शनमध्ये होती," रवी म्हणाला आणि गाडीत बसला.

झालं. आठवड्याभरात रत्नाबाई सिव्हिल इंजिनिअर झाल्या. महिन्याभरात त्यांनी नागपुरात स्वतःची फर्म काढली. एकदा दुकानात भेटल्यावर गुरुनाथकाकांनी त्यांना बेसमेंटच्या भिंतीतल्या भेगेबद्दल विचारलं. रत्नाबाईंनी मोबाइलवरचा फोटो पाहिला. "भिंत बरी हाय. भायेरची माती बसली. पाणी दुसरीकडं काढा," म्हणाल्या. काकांनी पाणी दुसरीकडे काढलं आणि भेग थांबली. "अनुभव बोलतो!" काका म्हणाले. रवीने ऐकलं आणि काही दुरुस्त केलं नाही.

गंमत अशी की एवढं नाव झालं तरी त्या दारात मंडळाचं कुणी आलं नव्हतं. यादीत सुखदेव्यांचं नाव होतं, पण तिळगूळ वाटायला निघालेली गाडी त्या गल्लीत वळत नसे. का, ते कुणी विचारत नसे आणि प्रत्येकाला माहीत असे.

उपासनाला रत्नाबाई दिसल्या त्या बसच्या थांब्यावर. साडी, बूट, वर लेकाचा फुगलेला कोट, मांडीवर पर्स. बस आली, दार उघडलं, बंद झालं, बस गेली. बाई तिथेच.

"मावशी, चढला नाहीत?"

"कुठं जाते ते तर पाहू दे आधी. मंग चढीन."

"किती दिवस बघताय?"

"बारा."

उपासनाने त्याच संध्याकाळी सुशांतला सांगितलं की तिसरा चित्रपट सापडला. एक म्हातारी लेकाच्या घरात राहते, रोज बस बघते आणि एका सकाळी कुणाला न सांगता त्या बसकडे निघते. घर रवीचं, म्हातारी रत्नाबाई, कॅमेरा एक. रवीने मोठ्या मुश्किलीने होकार दिला. त्याची अट एकच: "आईचं पूर्वीचं काही नको. फक्त इथलं."

अडचण वेगळीच निघाली. रत्नाबाईंचे हात, पाठ, चालणं, सगळं कॅमेऱ्यात जिवंत. तोंडासमोर कॅमेरा आला की पुतळा. आयुष्यात त्यांचे मोजके फोटो काढले गेलेले, रेशन कार्डाला, पासपोर्टाला, आणि प्रत्येक वेळी समोरचा ओरडलेला, "हलू नका!" उपासनाने तिची वाट बघण्याची विद्या लावली. चहा झाले, डाळ निवडून झाली. पंडितराव तीन मिनिटांत विरघळले होते. रत्नाबाई एक अख्खा हिवाळा विरघळल्या नाहीत.

"चेहरा एकदाही नाही आला," सुशांत काठी खाली ठेवत म्हणायचा.

"येईल."

"आणि बर्फ?"

"तोही येईल."

कारण शेवटचा शॉट बर्फाचा होता. दारापासून रस्त्यापर्यंत कोरा बर्फ, त्यावर कुणाचं पाऊल नाही, आणि रत्नाबाई त्यातून चालत जातात. मागे पावलांची एकच ओळ. त्या शॉटशिवाय चित्रपट म्हणजे नुसती थांब्यावर बसलेली बाई. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, रत्नाबाई नागपूरहून परत आल्यावर, एकदा पडला आणि सकाळपर्यंत पावसाने धुऊन नेला. मग फेब्रुवारी आला. रत्नाबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते. "आता काई येत नाई मी बापा," असं सांगून त्यांनी परतीचं तिकीट काढायला लावलं होतं. रविवारचं. टोरंटोच्या एका छोट्या महोत्सवाने चित्रपट अर्धामुर्धा बघून जागा राखून ठेवली होती, ती महिनाअखेरपर्यंत. आणि गुरुवारी हवामानखात्याने सांगितलं: आठ इंच, पहाटे थांबेल.

उपासनाने रवीला फोन केला. "उद्या सकाळी साडेसातला येते. दारातून कुणी बाहेर पडायचं नाही. वर्तमानपत्रसुद्धा उचलायचं नाही."

रवीने ते पाळलं, इतकं की पुढचे पडदे ओढून तो सकाळी आईबरोबर मागच्या स्वयंपाकघरात बसून राहिला. पण ऑफिसला उशीर होणार म्हणून त्याने बरोबर काम करणाऱ्या श्रीरंगला कळवलं, 'घरी आईचं शूटिंग आहे, पाहुणे येणार'. श्रीरंग मंडळाचा चिटणीस. शुक्रवारी पहाटे पावणेसहाला गुरुनाथकाकांचा मेसेज ग्रुपवर पडला: 'आज रत्नाबाईंकडे सिनेमाचे शूटिंग. कॅनडाच्या दिग्दर्शिकेचे पाऊल घसरता कामा नये. आपापली फावडी घेऊन यावे.'

मराठी माणसाला पाहुणा येणार म्हटलं की अंगण तसंच ठेवणं जमतच नाही. साडेसातला उपासना आणि सुशांत गल्लीत वळले तेव्हा सगळ्या घरांपुढे कापसासारखा बर्फ होता. एका घरापुढे नव्हता. सुखदेव्यांच्या दारापासून रस्त्यापर्यंत काळीभोर, ओली, मीठ मारलेली वाट चकाकत होती. हिरवळसुद्धा सोडली नव्हती. सगळा बर्फ रस्त्याकडेला कमरेएवढ्या ढिगात. दहाबारा माणसं फावड्यांवर रेलून दमलेल्या समाधानाने उभी, आणि शोभनाकाकू ओल्या फरशीवर रांगोळी टिकत नाही म्हणून वैतागलेल्या. पुन्हा तीच पैठणी, वर कोट.

"या, या!" गुरुनाथकाका म्हणाले. "एक कण ठेवला नाही बघा!"

सुशांतने डोळे मिटले. उपासना गाडीतून उतरली, ढिगाकडे बघितलं, हिरवळीकडे बघितलं.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "या बर्फासाठी मी दोन हिवाळे थांबले होते."

काकांना कळायला पाच सेकंद लागले. मग सगळे एकदम बोलायला लागले. मागचं अंगण घ्या. मागे शेजारच्या मुलांनी काल रात्रीच स्नोमॅन केलाय. कॉम्प्युटरवर बर्फ टाकता येतो, माझा भाचा टाकतो. शेजारच्या घराचं दार आपलं म्हणून दाखवा, सिनेमात चालतं की. शोभनाकाकूंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांच्या हातातलं फावडंसुद्धा खाली झालं.

"सुशांत," उपासना म्हणाली, "ट्रायपॉड लाव."

"कशाला? काय शूट करणार आहेस?"

"माहीत नाही अजून. लाव."

तिने खिशातली गरम बॅटरी काढून कॅमेऱ्यात घातली. तेवढ्यात दार उघडलं. रत्नाबाई ठरल्याप्रमाणे बूट घालून, पर्स घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"कोनं केलं हे?"

सगळे फावडी पाठीमागे लपवायला लागले.

"अध्यक्ष, तुमी?"

"मावशी, आम्हाला वाटलं, पाय घसरेल..."

"पोरगी दोन वर्सं झाली म्हनते, कोरा पायजे, कोरा पायजे. एवढे शिकलेले लोकं तुमी, एकानं इचारलं नाई?" त्यांनी पर्स पायरीवर ठेवली. "रवी! कपड्याचा टप आन. आन एक टॉवेल."

रवी टब घेऊन आला तो कशाला ते न कळून. टॉवेल आईने हातात घेतला, दोन पीळ देऊन गोल चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली, तेव्हा त्याला कळलं. त्याचा चेहराच उतरला.

"आई, नको. आई, गुडघे..."

"गुडघ्यानं वाहात नाई रे, मानेनं वाहातात." त्यांनी श्रीरंगच्या हातून फावडं घेतलं, टब भरला. "हं, हात लाव एक."

त्याने हात लावला. टब डोक्यावर गेला. आणि त्या बाहत्तर वर्षांच्या बाईची पाठ अशी सरळ झाली की फावडी घेऊन उभी असलेली सगळी माणसं वाकलेली दिसायला लागली. हात सोडून, मान स्थिर, कमरेतून हलकी चाल, ढिगापासून दारापर्यंत. दाराशी मानेला एक हिसका, आणि टब रिकामा. बर्फ काळ्या वाटेवर पसरला. एक कण खांद्यावर नाही. परत ढीग. परत टब.

ही चाल फर्ममध्ये बसून येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं. शोभनाकाकूंना सर्वांत आधी.

तिसऱ्या फेरीला रवी कॅमेऱ्याजवळ आला. "उपासना, बंद कर. हे ठरलं नव्हतं. मी सांगितलं होतं तुला."

उपासनाने डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता. बोट बटणावर. तिला दिसत होतं ते तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं: रत्नाबाईंचा चेहरा. ओठ मुडपलेले, भुवई जरा वर, गुरुनाथकाकांवरचा राग, कामाची गुर्मी, आणि त्या सगळ्याखाली चक्क मजा. यासाठी तिने आणखी दहा हिवाळे काढले असते. पण रवीची अट तिला पाठ होती, आणि ती अट तिने मान्य केली होती.

तिने डोळा काढला. आयुष्यात चालू शॉटमध्ये ती कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"मावशी! रवी म्हणतो बंद कर. तुम्ही सांगा. करू?"

रत्नाबाई डोक्यावर टब घेऊन थांबल्या. कॅमेऱ्याकडे बघितलं, सरळ, आणि पुतळा झाल्या नाहीत. मग लेकाकडे.

"तुले लाज वाटते का रे?"

रवी बुटाच्या टोकाने फरशीवरचं मीठ सारायला लागला.

"मले तर नाई वाटली कदी. तुह्या कॉलेजची बिल्डिंग दाखवली होती ना मी तुले? तिसरा मजला, ह्या डोक्यावरून गेला." मग उपासनाला, "काढ तू. तोंड येऊ दे नीट. हललं तं हलू दे."

उपासनाने डोळा परत लावला.

गुरुनाथकाकांना गप्प बसणं जमणारं नव्हतंच. "पण बाई, तुम्ही बिल्डिंगा बांधल्या असं आम्ही ऐकलं होतं..."

"बांधल्याच की! तुमाले काय वाटलं, कागदावर उभ्या राहातात?"

कुणीतरी फस्सकन हसलं. तो रवी होता. हसता हसता त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली, घरात गेला, आणि दुसरा टब घेऊन आला. आईने त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. पहिल्याच फेरीत अर्धा बर्फ त्याच्या कॉलरमध्ये गेला. "मान हालवू नको, म्यानेजर!" रत्नाबाई ओरडल्या. मग श्रीरंगने रिसायकलिंगचा डबा उचलला. शोभनाकाकूंनी पैठणीचा पदर खोचला, काकांचं फावडं हिसकावलं आणि टब भरून द्यायला लागल्या. त्या दिवशी त्या कॅमेऱ्यात पूर्ण दोन मिनिटं होत्या, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

पाऊण तासात वाट झाकली गेली. कोरी नाही, खळगे पडलेली, ठोकळ्या ठोकळ्यांची, सगळीकडे पावलं. सुशांतने काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली. रत्नाबाईंनी टब खाली ठेवला, कमरेवर हात ठेवून आपलं काम पारखलं आणि पर्स उचलली.

"हं पोरी. आता चालू का बसकडं? कोरा नाई झाला, पन झाकला."

"नको मावशी. झालं माझं."

"कधी झालं?"

"तुमच्या तिसऱ्या फेरीलाच."

"मंग सांगत नाईस का? एवढे बारा टप उगाच वाह्यले आमी!" पण त्या आत गेल्या नाहीत. दाराजवळ हातभर काळी फरशी अजून उघडी होती. "थांब. अर्धं काम टाकून जात नसतो," म्हणून त्यांनी शेवटचा टब भरला, आणि या वेळी हात लावायला गुरुनाथकाका स्वतः पुढे झाले.

रविवारी रत्नाबाई नागपूरला गेल्या. विमानतळावर सोडायला चार गाड्या होत्या. ती गल्ली आता मंडळाच्या नकाशावर आली, जरा उशिरा आणि जरा ओशाळून. पार्किंगमध्ये नवीन आलेल्या एकाने रवीला विचारलं, आई काय करायची, तेव्हा रवी म्हणाला, "कन्स्ट्रक्शनमध्ये होती. घमेली वाहायची," आणि गाडीत न बसता पुढचंही सांगत उभा राहिला.

टोरंटोला या वेळी अकराहून बरीच जास्त माणसं होती, आणि बाहेर ऊन होतं. शेवटी उजेड झाल्यावर कुणीतरी विचारलं की बर्फ परत आणून टाकण्याची कल्पना दिग्दर्शिकेला सुचली कशी. उपासना म्हणाली की तिला काहीच सुचलं नव्हतं, ती नुसती तिथे होती. मग तिने पडद्याकडे बोट करून नुकत्याच सरकून गेलेल्या नावांची आठवण दिली. त्यात सर्वांत वर होतं, 'रत्नाबाई सुखदेवे', आणि सर्वांत खाली, 'बर्फ हटवणे: गुरुनाथकाका आणि मंडळ'.

त्या ओळीचा फोटो काकांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे. येईल त्या पाहुण्याला दाखवतात, आणि शोभनाकाकू शेजारी उभ्या राहून सांगतात, "यांची एक ओळ. माझी पूर्ण दोन मिनिटं."